टू की आयएनजी? इंग्रजी क्रियापदानंतरचं रूप ठरवायची पद्धत

मला वाचायला आवडतं. मी वाचायला बसलो. मी वाचायला शिकलो. मी वाचायला विसरलो. मराठीत चारही ठिकाणी एकच ‘वाचायला’. इंग्रजीत मात्र पहिलं वाक्य ‘आय एन्जॉय रीडिंग’ होतं आणि बाकी तिन्हीकडे ‘टू रीड’ येतं. मराठीतला ‘-ायला’ दिसला की हात आपोआप ‘टू’ लिहितो आणि ‘आय एन्जॉय टू रीड’ कागदावर उतरतं. साताऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा असो की सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत मुलाखतीला निघालेला, चूक हीच.

याद्या पाठ करणाऱ्यांचंही चुकतं, पण वेगळ्या कारणाने. यादी त्यांना येत असते, ती केव्हा उघडायची ते ठरलेलं नसतं. ‘लुक’ कुठल्या यादीत आहे हे शोधत बसतात आणि पुढचा ‘फॉरवर्ड टू’ नजरेतून सुटतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. यादी तिसऱ्या टप्प्यावर येते, त्याच्या आधी उघडू नका.

तयारी

नावं ठरवून घेऊ. ‘रीडिंग’ हे आयएनजी रूप, प्रश्नपत्रिकेत याला जेरंड म्हणतात. ‘टू रीड’ हे टू रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह. तिसरं एक रूप लोक विसरतात: टूशिवायचं नुसतं ‘रीड’. क्लासमध्ये ज्याला व्हीवन म्हणतात ते हेच. याला आपण नुसतं रूप म्हणू.

एक साधी वही घ्या आणि तिची पाच पानं वेगळी काढा. आयएनजीवाली क्रियापदं, टूवाली, मध्ये माणूस घेणारी, अर्थ बदलणारी आणि शब्दयोगीवाली (म्हणजे प्रिपोझिशन घेणारी) अशी एकेक. इंग्रजी-मराठी कोशात इथे लागणारी माहिती सहसा नसते, कारण तो अर्थ सांगतो, जोडणी सांगत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा लर्नर्स डिक्शनरी प्रकारचा कोश लागेल, मोबाइलवरचा चालेल. त्यात क्रियापदाखाली ‘डुइंग समथिंग’ किंवा ‘टू डू समथिंग’ असं छापलेलं असतं, तेच आपल्याला हवं.

वहीत क्रियापद एकटं लिहू नका. ‘एन्जॉय = आनंद घेणे’ ही नोंद फुकट गेली समजा. ‘एन्जॉय डुइंग’, ‘डिसाइड टू डू’, ‘अलाउ समवन टू डू’ अशी जोडीने लिहा आणि खाली स्वतःच्या गावातलं एक वाक्य. दिवसाला पाच क्रियापदं पुरेत. वीस घेतली की चौथ्या दिवशी सगळी एकमेकांत मिसळतात.

टप्पा १ : मध्ये शब्दयोगी आहे का?

पहिल्या आणि दुसऱ्या क्रियेच्या मध्ये इन, ऑन, ऑफ, ॲट, फॉर, फ्रॉम, बाय, विदाउट, आफ्टर, बिफोर यांपैकी काही आलं, तर पुढे आयएनजी रूप. इथे यादी बघायची गरज नाही.

चुकीची वाक्यं बहुतेक अशी असतात:

‘आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क इन युवर कंपनी.’ हवं ते ‘इंटरेस्टेड इन वर्किंग’. (‘इंटरेस्टेड टू नो’, ‘इंटरेस्टेड टू हियर’ ही बरोबर आहेत, पण ती काही कळल्यावरची उत्सुकता सांगतात, काम करायची आवड नाही.)

‘आय ॲम थिंकिंग टू बाय अ बाइक.’ हे ‘घ्यायचा विचार करतोय’चं थेट रूपांतर. हवं ते ‘थिंकिंग ऑफ बाइंग’.

‘ही इन्सिस्टेड टू पे.’ हवं ते ‘इन्सिस्टेड ऑन पेइंग’.

‘शी लेफ्ट विदाउट टू ईट.’ हवं ते ‘विदाउट ईटिंग’.

नामांचंही असंच आहे. हॅबिट ऑफ, आयडिया ऑफ, रिस्क ऑफ यांच्यापुढे आयएनजी. उलट प्लॅन, प्रॉमिस, डिसिजन, अटेम्प्ट, परमिशन, ॲबिलिटी ही नामं थेट टू घेतात. विशेषणांचंही तसंच: ‘एबल टू लिफ्ट’, पण ‘केपेबल ऑफ लिफ्टिंग’. अर्थ जवळपास एक असला तरी जोडणी वेगळी.

सावधान: ‘टू’ दोन प्रकारचा असतो

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा थांबू. एक ‘टू’ पुढच्या क्रियापदाचा भाग असतो, ‘वॉन्ट टू गो’मधला. दुसरा निव्वळ शब्दयोगी असतो, ‘गो टू कराड’मधला. दुसरा असेल तर टप्पा १चा नियम लागतो आणि पुढे आयएनजी येतं. ‘टू’नंतर आयएनजी दिसलं की आपल्याला ते चुकलेलं वाटतं, आणि बरोबर लिहिलेलं पोरं खोडतात.

ओळखायची चाचणी सोपी आहे. ‘टू’च्या पुढे क्रियेऐवजी एखादं नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द जत्रा’, चाललं. म्हणजे हा शब्दयोगी, आणि म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू द जत्रा’, नाही चाललं. म्हणजे ‘वॉन्ट टू मीट’. अर्जाच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिणारे खूप आहेत. ते वाक्य आजच सुधारून घ्या.

या चाचणीत शब्दयोगी ठरणारे नेहमीचे प्रयोग म्हणजे लुक फॉरवर्ड टू, बी यूज्ड टू, गेट यूज्ड टू, ऑब्जेक्ट टू, ॲडिक्टेड टू, इन ॲडिशन टू, विथ अ व्ह्यू टू. ‘प्रिफर’चाही एक: ‘आय प्रिफर वॉकिंग टू टेकिंग अ रिक्षा’. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत जाणं बरं, असं सांगायचं तर.

आता ‘यूज्ड टू’. याचे तीन वेगळे प्रयोग आहेत आणि तिन्ही एकसारखे दिसतात:

‘आय यूज्ड टू सायकल टू कॉलेज.’ पूर्वी सायकलने जायचो, आता नाही. पुढे नुसतं रूप.

‘आय ॲम यूज्ड टू क्लाइंबिंग द यवतेश्वर घाट.’ घाट चढायची सवय आहे. पुढे आयएनजी.

‘धिस ड्रम इज यूज्ड टू पॉलिश टर्मरिक.’ हा ड्रम हळदीला पॉलिश करायला वापरतात. पुढे नुसतं रूप.

पहिल्यात ॲम, इज, वॉज काहीच नाही. दुसऱ्यात आहे आणि कर्ता माणूस किंवा जनावर आहे, ज्याला सवय लागू शकते. तिसऱ्यातही आहे, पण कर्ता वापरायची वस्तू आहे. ड्रमला पॉलिश करायची सवय लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ मिटतो.

तपासणी: ‘-साठी’ आलं की ‘फॉर’ लिहायचा मोह होतो. ‘आय केम टू सांगली फॉर टू स्टडी’ आणि ‘आय केम टू सांगली फॉर स्टडीइंग’ दोन्ही खोडा. माणसाचा हेतू असेल तर नुसतं ‘टू स्टडी’. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आयएनजी चालतं: ‘अ नाइफ फॉर कटिंग शुगरकेन’.

टप्पा २ : मध्ये माणूस आहे का?

शब्दयोगी नसेल तर पहिल्या क्रियापदानंतर लगेच कोणी माणूस येतो का ते बघा: मी, हिम, अस, माय सिस्टर वगैरे. आला तर चार वाटा आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट: माणूस आणि पुढे टू रूप. वॉन्ट, आस्क, टेल, ॲडव्हाइज, अलाउ, पर्मिट, एन्करेज, एक्स्पेक्ट, फोर्स, रिमाइंड, टीच, वॉर्न, इन्व्हाइट ही सगळी या वाटेने जातात. ‘माय मदर वॉन्ट्स मी टू कम होम फॉर दिवाली.’ इथे ‘वॉन्ट्स दॅट आय कम’ लिहू नका. ‘मी घरी यावं असं आईला वाटतं’ यातला ‘असं’ इंग्रजीत ‘दॅट’ होऊन घुसतो, पण ‘वॉन्ट’ला तो चालत नाही.

नकार असेल तर ‘नॉट’ टूच्या आधी. ‘जाऊ नको म्हणून सांगितलं’चं ‘ही टोल्ड मी टू डोन्ट गो’ होतं ते इथेच. बरोबर वाक्य: ‘ही टोल्ड मी नॉट टू गो’.

दुसरी वाट: माणूस आणि पुढे नुसतं रूप. मेक आणि लेट ही दोनच क्रियापदं पक्की करा. ‘द क्लार्क मेड मी वेट’, ‘माय फादर लेट मी ड्राइव्ह’. यांत ‘टू’ घुसवणं ही जुनी खोड. पण ‘मेक’चं वाक्य कर्मणी झालं की ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. प्रयोग बदलायच्या प्रश्नात हमखास फसायची जागा. ‘हेल्प’ दोन्हीकडे चालतं: ‘हेल्प मी कॅरी’ किंवा ‘हेल्प मी टू कॅरी’.

तिसरी वाट सी, हियर, वॉच, नोटिस यांची. पुढे नुसतं रूप किंवा आयएनजी, आणि निवड मराठी करून देते. ‘-ताना’ बसत असेल तर आयएनजी. आयर्विन पुलावरून तो चालत जाताना दिसला: ‘आय सॉ हिम वॉकिंग अक्रॉस आयर्विन ब्रिज’. त्याने अख्खा पूल ओलांडलेला तुम्ही पाहिला असेल तर ‘आय सॉ हिम वॉक अक्रॉस’.

चौथी वाट बंद आहे आणि तिच्यावर ‘सजेस्ट’ उभा आहे. ‘माय टीचर सजेस्टेड मी टू जॉइन अ क्लास’ हे वाक्य इतकं कानावर पडतं की चुकीचं वाटतच नाही. ‘सजेस्ट’च्या लगेच पुढे माणूस आणि टू येत नाही. पर्याय दोन: ‘माय टीचर सजेस्टेड दॅट आय जॉइन अ क्लास’ किंवा माणूस काढून ‘सजेस्टेड जॉइनिंग अ क्लास’. दुसऱ्यात एक खोच आहे. ‘शी सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’ म्हटलं तर ती स्वतःही बरोबर येणार असा अर्थ निघू शकतो. सल्ला फक्त तुम्हाला असेल तर ‘दॅट’वालं वाक्य बरं. ते जड वाटलं तर क्रियापदच बदला: ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’. ‘रेकमेंड’लाही ‘सजेस्ट’सारखंच वागवा, परीक्षेत तेच सुरक्षित.

तपासणी: अलाउ, पर्मिट, ॲडव्हाइज यांच्यामधला माणूस काढला की पुढचं रूप बदलतं. ‘दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हियर’, पण ‘दे डोन्ट अलाउ पार्किंग हियर’. ‘वी आर नॉट अलाउड टू पार्क हियर’ यात माणूस पुढे येऊन कर्ता झालाय, म्हणून टू.

टप्पा ३ : आता यादी

शब्दयोगी नाही, माणूस नाही. एक क्रियापद आणि त्याला चिकटून दुसरं. आता वही उघडा.

आयएनजी घेणारी: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, प्रॅक्टिस, सजेस्ट, कन्सिडर, इमॅजिन, मिस, रिस्क, पोस्टपोन, डिले, डिनाय, ॲडमिट, क्विट, डिसलाइक, गिव्ह अप, पुट ऑफ, कॅरी ऑन.

टू घेणारी: वॉन्ट, डिसाइड, होप, प्लॅन, प्रॉमिस, ॲग्री, रिफ्यूज, ऑफर, मॅनेज, फेल, अफोर्ड, लर्न, प्रिटेंड, एक्स्पेक्ट, सीम, थ्रेटन, हेझिटेट, विश, चूज.

ढोबळ आधार असा: टू रूप पुढे बघतं, अजून न झालेल्या कामाकडे. ठरवलं, कबूल केलं, नकार दिला, आशा धरली, कामं सगळी पुढची. आयएनजी रूप चालू असलेल्या किंवा झालेल्या कामाला हात घालतं. आनंद घेतला, संपवलं, कबुली दिली, नाकारलं. २०१९च्या महापुरात सांगलीत पाणी चढतच राहिलं: ‘द कृष्णा केप्ट रायझिंग’.

पण हा आधार काठीसारखा वापरा, त्यावर घर बांधू नका. ‘पोस्टपोन’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ यांची कामं पुढचीच, तरी ती आयएनजी घेतात. ‘मॅनेज’ म्हणजे काम जमलं, झालं, तरी तो टू घेतो. या चार शब्दांखाली वहीत लाल रेघ मारा.

मराठी माणसाचं यादीत नेमकं कुठे चुकतं तेही सांगतो. ‘टाळणे’मुळे ‘अव्हॉइड टू टॉक’ होतं, हवं ते ‘अव्हॉइड टॉकिंग’. ‘जेवून झालं’चं ‘फिनिश टू ईट’ होतं, हवं ते ‘फिनिश ईटिंग’. ‘खिडकी उघडायला तुमची हरकत नाही ना?’ याचं ‘वुड यू माइंड टू ओपन’ होतं, हवं ते ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ आणि ‘मला पोहायला येतं’चं ‘आय नो स्विमिंग’ होतं. ‘नो’ला मध्ये ‘हाउ’ लागतो: ‘आय नो हाउ टू स्विम’. सरळ ‘आय कॅन स्विम’ म्हणा, कृष्णाकाठी वाढलेल्याने एवढं तरी छातीठोक सांगावं.

क्रियापदांच्या यादीत न बसणारे पण आयएनजीच घेणारे काही प्रयोग त्याच पानाखाली टाका: बिझी कुकिंग, वर्थ सीइंग, कान्ट हेल्प लाफिंग, इट इज नो यूज वेटिंग. शेवटच्या दोघांत ‘टू’ फार वेळा घुसतो.

वेळेची जोडीही इथेच. ‘टेक’ला टू, ‘स्पेंड’ आणि ‘वेस्ट’ला आयएनजी. ‘इट टुक अस टू अवर्स टू रीच कास’, पण ‘वी स्पेंट टू अवर्स वेटिंग फॉर द बस’.

फिरायला, खरेदीला, पोहायला जाणं यासाठी ‘गो’च्या पुढे थेट आयएनजी, मध्ये काही नाही. ‘वी वेन्ट ट्रेकिंग ॲट वासोटा’. ‘वेन्ट टू ट्रेकिंग’ नको, ‘वेन्ट फॉर ट्रेकिंग’ही नको.

टप्पा ४ : दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो

इथपर्यंत मराठीने आपल्याला चकवलं. या टप्प्यावर तीच मराठी वाट दाखवते, आणि शिकवताना नेमकं हेच सोडून दिलं जातं. या क्रियापदांचे दोन अर्थ मराठीत दोन वेगळ्या रूपांनी येतात. इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी मराठी वाक्य नीट, पूर्ण, मनात म्हणा.

स्टॉप. ‘तो चहा प्यायला थांबला’ म्हणजे ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. ‘त्याने चहा प्यायचं थांबवलं’ म्हणजे ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘थांबला’ आलं तर टू. ‘थांबवलं’, ‘बंद केलं’, ‘सोडलं’ आलं तर आयएनजी. एका अक्षराची चूक झाली तर चहा सोडलेला माणूस टपरीवर उभा राहतो.

रिमेंबर. ‘कुलूप लावायचं माझ्या लक्षात राहिलं’, ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’. ‘कुलूप लावल्याचं मला आठवतं’, ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. ‘-ायचं’ला टू, ‘-ल्याचं’ला आयएनजी.

फरगेट. ‘पेढे आणायला विसरलो’, ‘आय फरगॉट टू ब्रिंग द पेढे’. पेढे आलेच नाहीत. ‘पहिल्यांदा सज्जनगड चढलो ते कधी विसरणार नाही’, ‘आय विल नेव्हर फरगेट क्लाइंबिंग सज्जनगड’. दुसरा प्रयोग बहुतेक ‘नेव्हर’सोबतच दिसतो.

रिग्रेट. ‘सांगायला वाईट वाटतं’, ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. नकाराच्या पत्रातलं ठरलेलं वाक्य. ‘सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’, ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’. पुन्हा तोच ‘-ल्याचा’.

ट्राय. ‘करायचा प्रयत्न केला’ला टू, ‘करून बघितलं’ला आयएनजी. ‘दगड उचलायचा प्रयत्न केला’, ‘आय ट्राइड टू लिफ्ट द स्टोन’. कदाचित उचललाच नाही. ‘फोन बंद करून चालू करून बघ’, ‘ट्राय स्विचिंग इट ऑफ अँड ऑन’. ‘करून बघणे’ हा प्रयोग आपल्याकडे इतका रुळलेला आहे की ‘ट्राय’ चुकायला नको.

मीन. ‘दुखवायचा हेतू नव्हता’, ‘आय डिडन्ट मीन टू हर्ट यू’. ‘पहाटेची गाडी पकडायची म्हणजे चारला उठायचं’, ‘कॅचिंग द अर्ली बस मीन्स गेटिंग अप ॲट फोर’. मराठीत ‘म्हणजे’ आलं की आयएनजी.

गो ऑन. ‘बोलतच राहिला’, ‘ही वेन्ट ऑन टॉकिंग’. ‘पुढे जाऊन शिक्षक झाला’, ‘ही वेन्ट ऑन टू बिकम अ टीचर’.

नीड. ‘मला गाडी धुवायची आहे’, ‘आय नीड टू वॉश द कार’. ‘गाडी धुवायला झालीय’, ‘द कार नीड्स वॉशिंग’. कर्ता काम करणारा असेल तर टू, ज्यावर काम व्हायचं ती वस्तू असेल तर आयएनजी.

अफ्रेड हे विशेषण आहे, पण त्याचीही अशीच जोडी. ‘पूल ओलांडायला घाबरतो’, ‘अफ्रेड टू क्रॉस’. ‘पडायची भीती वाटते’, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. ओलांडणं आपल्या हातात, पडणं नाही.

तपासणी: वहीत या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मग उजवी बाजू झाकून लिहा, डावी झाकून नको. उलट केलं तर पाठांतर होतं, निवड करायची सवय लागत नाही.

टप्पा ५ : दोन्ही चालतात, अर्थ तोच

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू, लाइक, लव्ह, हेट. इथे डोकं खाजवत बसू नका, जे सुचेल ते लिहा. फक्त तीन अटी.

‘वुड लाइक’, ‘वुड लव्ह’, ‘वुड प्रिफर’ यांच्यापुढे टूच. ‘वुड यू लाइक टू हॅव भडंग?’

आणि दोन आयएनजी एकमेकांना चिकटवू नका. ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ कानाला खटकतं, ‘स्टार्टिंग टू रेन’ म्हणा. नो, अंडरस्टँड, रिअलाइज अशी मनातल्या स्थितीची क्रियापदं असतील तरी टू: ‘आय बिगॅन टू अंडरस्टँड’.

टप्पा ६ : रूप नीट लिहिलंय का?

निवड बरोबर आणि रूप चुकीचं, यात हकनाक गुण जातात.

टू रूपात काळ किंवा ‘एस’ मिसळू नका. ‘ही वॉन्टेड टू वेन्ट’, ‘शी वॉन्ट्स टू गोज’ दोन्ही चूक. काळ पहिल्या क्रियापदाने दाखवून झाला, दुसरं कायम पहिल्या रूपात.

आयएनजी लावताना राइटचा शेवटचा ‘ई’ जातो, रन आणि बिगिनचा ‘एन’ दुप्पट होतो, लायचा ‘आयई’ जाऊन ‘वाय’ येतो. सीचे दोन्ही ‘ई’ राहतात. व्हिजिटचा ‘टी’ दुप्पट करू नका, कारण आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) आहे. बिगिनमध्ये तो शेवटच्या अवयवावर पडतो, म्हणून तिथे दुप्पट.

नकाराचं ‘नॉट’ दोन्ही रूपांच्या आधी येतं: ‘डिसायडेड नॉट टू गो’, ‘आय रिग्रेट नॉट गोइंग’.

सराव

आधी कागदावर लिहा, मग खाली बघा. प्रत्येक वाक्यापुढे कुठल्या टप्प्यावर उत्तर मिळालं तो आकडा टाका. उत्तर बरोबर आणि आकडा चूक असेल तर ते नशिबाने आलंय.

१. बहिणीने मला कास बघायला सुचवलं.
२. मला सांगलीच्या उन्हात काम करायची सवय आहे.
३. त्याने तासगावहून बेदाणे आणायचं कबूल केलं.
४. तिला भेटल्याचं मला आठवत नाही.
५. गुरुजींनी आम्हाला उभं राहायला लावलं.
६. रस्त्यात आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो.
७. आम्ही सहल पुढे ढकलायचा विचार करतोय.
८. आम्हाला तासभर थांबायला लावलं गेलं.
९. छताची दुरुस्ती करायला झालीय.
१०. मीठ घालून बघ.

उत्तरं:

१. ‘माय सिस्टर सजेस्टेड दॅट आय सी कास.’ टप्पा २, बंद वाट. ‘सजेस्टेड मी टू सी’ लिहिलं असेल तर तो टप्पा पुन्हा वाचा.

२. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द सांगली हीट.’ टप्पा १. ‘टू’पुढे नाम बसतं: ‘यूज्ड टू द हीट’.

३. ‘ही ॲग्रीड टू ब्रिंग रेझिन्स फ्रॉम तासगाव.’ टप्पा ३. ‘ॲडमिटेड ब्रिंगिंग’ लिहिणाऱ्यांनी मराठी ‘कबूल’चे दोन अर्थ वेगळे करावेत. होकार दिला तर ‘ॲग्री’, गुन्हा कबूल केला तर ‘ॲडमिट’.

४. ‘आय डोन्ट रिमेंबर मीटिंग हर.’ टप्पा ४, ‘-ल्याचं’.

५. ‘द टीचर मेड अस स्टँड.’ टप्पा २, नुसतं रूप.

६. ‘वी स्टॉप्ड ऑन द वे टू ड्रिंक शुगरकेन ज्यूस.’ टप्पा ४, ‘थांबलो’.

७. ‘वी आर थिंकिंग ऑफ पोस्टपोनिंग द ट्रिप.’ टप्पा १, ‘ऑफ’मुळे. ‘पोस्टपोन’ यादीत शोधत बसला असाल तर चुकीच्या क्रियापदाकडे बघत होता. प्रश्न ‘पोस्टपोन’नंतर काय येतं हा नाही, त्याचं स्वतःचं रूप काय हा आहे.

८. ‘वी वेअर मेड टू वेट फॉर ॲन अवर.’ टप्पा २, कर्मणीत ‘टू’ परत आला.

९. ‘द रूफ नीड्स रिपेअरिंग.’ टप्पा ४. छत स्वतःची दुरुस्ती करत नाही.

१०. ‘ट्राय ॲडिंग सॉल्ट.’ टप्पा ४, ‘करून बघ’. ‘ट्राय टू ॲड सॉल्ट’ म्हटलं तर मीठ घालणं हेच अवघड काम आहे असा अर्थ होतो.